बदलापूरला पहिलं घर घेताना माहिती कुठून काढायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीहून येऊन सहा वर्षं झाली, कळव्यात भाड्याने राहता. नवरा ऐरोलीत नोकरीला, बायको ठाण्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघांचे मिळून महिन्याला 62 हजार हातात येतात, गाठीला 13 लाख आहेत. मार्चमध्ये बदलापूर पश्चिमेला सात वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके पाहिला, किंमत 36 लाख. तिथे ओळखीचं कुणी नाही. एजंट म्हणतो दोन दिवसांत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. द्यावं का?

अजून नको. घर वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्या घराबद्दल तुम्हाला आज जे काही ठाऊक आहे ते सगळं एजंटाने किंवा मालकाने सांगितलेलं आहे म्हणून. गेली 24 वर्षं मी कल्याण ते बदलापूर पट्ट्यात सदनिकांच्या टायटल सर्चचं, म्हणजे मालकीचा इतिहास तपासण्याचं, आणि दस्तनोंदणीचं काम करते. माझ्याकडे रडत आलेल्या बहुतेक माणसांची चूक एकच होती. त्यांनी कागद पाहिले होते, पण विकणाऱ्याने फाइलमध्ये लावून दिले तेवढेच. वस्ती पाहिली होती, पण एजंटाच्या स्कूटरवर मागे बसून, त्याने नेलं त्या रस्त्याने. नवख्या भागात घर घेणाऱ्याने प्रत्येक गोष्ट ती जिथून निघते तिथून काढायला हवी. पाण्याची माहिती राहणाऱ्याकडून, परवानगीची नगरपरिषदेकडून, मालकीची निबंधक कार्यालयातून.

माझंच पहिलं घर सांगते, कारण तुम्ही जिथे घर बघताय तिथेच ते होतं. 2003 च्या एप्रिलमध्ये मी बदलापूर पश्चिमेला नदीच्या अंगाला तळमजल्यावर वन रूम किचन घेतलं. वकिलीला नुकती लागले होते, कागद डोळ्यांत तेल घालून तपासले. कागद चोख होते. एप्रिलमध्ये जमीन कोरडी होती, खिडकीतून मोकळं माळरान दिसायचं आणि त्याचंच मला कौतुक. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी त्या माळरानावरून घरात आली. स्वयंपाकाच्या ओट्यावर चढवलेला गॅस सिलिंडर तरंगताना मी पाहिला. पाणी ओसरल्यावर भिंतीवर ओट्याच्या वर वीतभर चिखलाची रेघ राहिली, दोन वेळा रंग काढूनही ती पावसाळ्यात परत उमटायची. शेजारची म्हातारी मला म्हणाली, ‘अगं, इथे तर पूर्वीपासून पाणी येतं, विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’ मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्यानंतर 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. त्याही दिवशी हेंद्रेपाडा, बॅरेज रोडकडच्या सखल भागात पाणी होतं. म्हणून बदलापूर पश्चिमेला घर बघताना पहिला प्रश्न पुराचा. नदीच्या पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारतीचा सर्व्हे नंबर घ्या आणि नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्याच्या नकाशावर तो कुठे पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर असेलही, पण लिफ्टचं मशिन, पाण्याचा पंप, मीटर आणि तुमची दुचाकी खालीच असणार.

नकाशाइतकीच खरी साक्ष इमारत देते. जिन्याखाली विजेचे मीटर कुठे लावलेत बघा. बाकीच्या इमारतींत ते छातीच्या उंचीला असतात आणि तुमच्या इमारतीत मात्र ते डोक्याच्या वर चढवलेले असतील, तर ते उगाच चढवलेले नाहीत. दुकानांचे उंबरे गुडघ्याएवढे बांधलेत का? तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीला फक्त खालचे तीन फूटच नवा रंग आहे का? पंपाखाली सिमेंटचा चौथरा केव्हा घातला ते वॉचमनला विचारा. वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला या चौघांना तुमच्या व्यवहारात एक रुपया मिळणार नाही, म्हणून ते खरं बोलतात. किराणावाल्याकडून काहीतरी विकत घेऊन मग बोला, घाईत विचारू नका.

पाणीही असंच. बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवतं, पण नळाला किती वेळ आणि किती दाबाने येतं ते गल्लीगल्लीत वेगळं. रस्त्यावर उभं राहून वर गॅलऱ्यांकडे बघा. घराघरात निळे ड्रम दिसले तर नळ रोज येतो यावर विश्वास ठेवू नका. सोसायटीच्या खर्चाच्या वहीत टँकरचा खर्च किती, ते खजिनदाराला विचारा. एप्रिल-मे महिन्यांची पानं मागा, ऑक्टोबरची नकोत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावलेली असते, तीही वाचा. निम्मे सभासद थकबाकीत असतील तर लिफ्ट बंद पडल्यावर ती दुरुस्त करायला पैसे नसणार.

प्रवासाचा अंदाज तुम्ही रविवारी दुपारी घेतलात, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. रविवारची लोकल म्हणजे प्रवास नव्हे. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला बदलापूर स्टेशनवर उभे राहा. कर्जत, वांगणीहून भरून आलेली गाडी कशी मिळते ते बघा, ठाण्याला उतरा, ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या फलाटापर्यंत चाला, ऑफिसच्या दारात पोचेपर्यंत घड्याळ लावा. बाईंनीही तेच करायचं, शिवाय रात्री नऊच्या गाडीने परत येऊन स्टेशन ते घर रिक्षा कशी मिळते, शेअर की मीटर, रस्त्यावर दिवे आहेत का, हे बघायचं. असं सलग तीन दिवस करा. कळव्यात राहून तुम्हाला दिवसाचे जेवढे तास मिळतात त्यातले दोन-अडीच तास इथे जातील. ते परवडतील का, हे मी सांगू शकत नाही, तुमच्या अंगालाच कळेल.

आता माझा खरा सल्ला, आणि तो ऐकायला सगळ्यांना कंटाळा येतो. कळव्याची खोली सोडा आणि त्याच भागात, जमलं तर त्याच गल्लीत, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने जा. पावसाळा तिथे काढा. तुम्ही ज्या भाड्यात कळव्यात राहता त्यापेक्षा बदलापूरला कमीच पडेल, म्हणजे खर्च वाढणार नाही. गणपतीपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की कुठली इमारत गळते, कुठल्या सोसायटीत भांडणं आहेत, कुठल्या गल्लीत पाणी तुंबतं, आणि कोण घर विकायला काढतंय. चांगली घरं एजंटाकडे जायच्या आधी वॉचमनच्या कानावर आलेली असतात. हातचं घर जाईल ही भीती मला समजते, पण या पट्ट्यात घरांचा तुटवडा नाही.

कागदांकडे येते. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या 65 इमारतींचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. बांधकाम परवानगीचे खोटे कागद तयार केले गेले, त्यांच्या आधारे महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळवला गेला, फ्लॅट विकले गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यातल्या अनेकांनी बँकेचं कर्ज काढूनच घर घेतलं होतं. म्हणजे रेरा नंबर होता, बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं, करार नोंदवलेला होता, आणि तरी पायाखालची परवानगीच खोटी होती. त्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही, कुणी म्हणूही नये. पण त्यातून एक शिकायचं की बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सीसी आणि ओसी, यांची झेरॉक्स मालकाकडून घेऊन समाधान मानायचं नाही. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि ज्या कार्यालयाने ते दिलं असं म्हटलंय, तिथेच प्रमाणित प्रत मागा. कुणी टोलवाटोलवी केली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘असा जावक क्रमांक आमच्या नोंदीत नाही’ एवढं एक वाक्य तुमचे 36 लाख वाचवू शकतं.

‘ओसी येतेय, अर्ज केलाय’ असं सात वर्षं जुन्या इमारतीबद्दल कुणी म्हणालं तर तिथून निघा. सात वर्षांत आली नाही ती तुमच्यासाठी येणार नाही. ओसी मिळाली तर तिच्यासोबतचा मंजूर नकाशा मागा आणि तो हातात धरून इमारतीभोवती फिरा. नकाशात सहा मजले आणि उभे सात, नकाशात खाली पार्किंग आणि प्रत्यक्षात तिथे खोल्या, असं मी कितीदा पाहिलंय. तुमचा फ्लॅट नकाशात आहे ना, एवढं तरी बघाच.

मग मालकी. महारेरावर इमारतीचा क्रमांक टाकून प्रकल्पाची कागदपत्रं वाचा, ती सगळ्यांना खुली आहेत. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन निघते, इतर हक्कांच्या रकान्यात कुळ, बोजा, कोर्टाचा दावा काही आहे का ते तपासा. दुय्यम निबंधक कार्यालयात 30 वर्षांचा सर्च घ्या. रीसेलमध्ये पहिल्या बिल्डरच्या करारापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी तुटता कामा नये. आम्ही त्याला चेन ॲग्रीमेंट म्हणतो, आणि प्रत्येक कडीचा मूळ नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक 2, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, हवा. मधला एखादा करार हरवलाय म्हणाले तर पोलिसांतली तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना मागा. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत असतील तर अजिबात नको. असल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

वारसांचा घोळ सगळ्यात जास्त बघते मी. वडील वारले, सोसायटीने नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं, तो विकायला निघाला. नॉमिनी मालक नसतो, तो बाकीच्या वारसांच्या वतीने सांभाळणारा. दोन वर्षांपूर्वी एका जोडप्याने असंच घर घेतलं, आणि सामान लावून होतंय तोच मालकाची लग्न झालेली बहीण नोटीस घेऊन दारात उभी राहिली. तिचा हक्क होताच. हक्कसोड पत्र नोंदवून घेतलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. म्हणून मालकाला सरळ विचारा की हे घर तुम्ही घेतलं की तुम्हाला आलं. आलं असेल तर सगळे वारस दस्तावर सही करायला हवेत.

मालकाचं कर्ज चालू असेल तर घाबरू नका, पण त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज मिटवायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, आणि जमा कागदांची यादी, एलओडी, दोन्ही घ्या. तुमची बँक पैसे थेट त्या बँकेला देते, मालकाच्या खात्यात नाही. सोसायटीचं ना-हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का, हेही विचारा. झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. तेवढ्यावरून सौदा मोडू नये, बिल्डर सही करत नसला तरी मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण सोसायटी त्यासाठी काही करतेय का ते कळलं पाहिजे. नावावर घर करताना सोसायटी हस्तांतर प्रीमियम म्हणून सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या वर मागू शकत नाही, ‘बिल्डिंग फंड’ असं गोंडस नाव देऊनही नाही.

पैशांचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करते. 36 लाखांच्या घराला 28 लाख कर्ज धरलं तर पदरचे 8 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के धरा, म्हणजे 2 लाख 52 हजार. नगरपरिषद हद्दीत नेमका आकडा मसुदा करताना काढून घ्या, पण अंदाजपत्रकात 7 च ठेवा. हे शुल्क कराराच्या किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, ज्याची रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी फी 30 हजार. दलाली एक टक्का, 36 हजार. बँकेची प्रक्रिया फी, वकील, हस्तांतर मिळून 50 हजार. रंग, वायरिंग, नळ यांना लाखभर लागतातच. बेरीज 12 लाख 68 हजार. म्हणजे 13 लाखांतले तुमच्या हातात 32 हजार उरले, आणि पुढच्याच महिन्यापासून साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 24,300 च्या घरात. एकाची नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर 32 हजार किती दिवस पुरतील?

म्हणून तुमची मर्यादा 36 नाही, 34 लाख आहे. तेवढ्याच कर्जात दोन अडीच लाख हाताशी राहतात, म्हणजे सहा महिन्यांचा हप्ता आणि मेंटेनन्स. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे त्या किमतीत धरत नाहीत आणि बँक स्वतःच्या मूल्यांकनाचा आकडा कमी आला तर तोच धरते. बोलणी करायला जाताना बँकेचं मंजुरीपत्र खिशात ठेवा. मालकाला लवकर पैसे हवे असतात, लाख-दोन लाख त्यावरच खाली येतात.

एकट्या बाईंच्या नावाने दस्त केला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. दोघांची नावं घातली की ती जाते. 34 लाखांवर 34 हजार वाचतात. नवरा कर्जात सहअर्जदार राहू शकतो, मालकीत नसला तरी, मात्र मग घरकर्जाची करसवलत त्याला मिळणार नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घरावर तशी सवलत नसतेच, तेव्हा हे नुकसान बहुधा कागदावरचं. मी स्वतः बाईंच्या नावाच्या बाजूने आहे, पण हा निर्णय घरात बसून करा, माझ्यासमोर किंवा एजंटासमोर नको.

मालक ‘करार 28 चा करू, बाकी रोख द्या’ म्हणेल. नाही म्हणा. करार 28 चा झाला की बँक कर्ज 28 वरच मोजते, रोखीची पावती मिळत नाही, आणि घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं हा आयकर कायद्याचा भंग आहे. पुढे व्यवहार फिसकटला तर त्या रोखीसाठी तुम्ही कुठेच दाद मागू शकत नाही.

टोकन द्यायचंच झालं तर चेकने, आणि पावतीवर हे वाक्य लिहून घ्या: बँकेचा कायदेशीर किंवा तांत्रिक अहवाल नकारात्मक आला, अथवा टायटलमध्ये दोष निघाला, तर संपूर्ण टोकन पंधरा दिवसांत परत. प्रामाणिक मालक त्यावर सही करतो. एरियाचा घोळही त्याच वेळी मिटवा. एजंट 650 चौरस फूट म्हणतोय, ते बहुतेक जिने आणि लॉबी धरून. टेप घेऊन जा, प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, आणि करारातल्या कार्पेटशी, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळाशी, ताडून बघा.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाबद्दल विचारलंत, तर तुमच्या परिस्थितीत मी नको म्हणेन. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरणं तुम्हाला झेपणार नाही, आणि ताबा लांबला तर सगळंच ओढाताणीचं होतं. रीसेलला जीएसटीही नाही.

एजंटाला आज फोन करून सांगा की ओसीची प्रमाणित प्रत हातात आल्यावरच टोकनचं बोलू, आणि त्याच्याकडून इमारतीचा सर्व्हे नंबर, सीसी-ओसीचे जावक क्रमांक आणि महारेरा क्रमांक मेसेजवर मागून घ्या. त्याने दिले तर सोमवारी रजा टाकून नगरपरिषदेत जा, सकाळी दहाला, कारण दुपारनंतर टेबलावर माणूस भेटत नाही. नाही दिले तर पुढच्या घराकडे वळा. आणि पहिला मोठा पाऊस झाला की, घर कुठलंही ठरलेलं असो, छत्री घेऊन त्या गल्लीत एक चक्कर मारून या.